थर्मंड : कोळसा, वाफ आणि एका अमेरिकन रेल्वे-गावाचा इतिहास

प्रास्ताविक

अमेरिकेतील रेल्वेच्या इतिहासाचा विचार करताना १८६९ साली युटामधील प्रॉमंटरी येथे जोडला गेलेला आंतरखंडीय लोहमार्ग, त्या मार्गासाठी राबलेले चिनी व आयरिश मजूर आणि त्यातून गब्बर झालेले भांडवलदार यांच्याकडेच अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गेले आहे. ज्या लहान लहान गावांच्या आधारावर ही अवाढव्य यंत्रणा प्रत्यक्षात चालत होती, त्यांची नोंद मात्र स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांपलीकडे फारशी घेतली गेली नाही. या गावांचेही स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. काही गावे आधीपासूनच होती आणि रेल्वे त्यांच्यापर्यंत आली. दुसऱ्या वर्गातील गावे रेल्वेनेच निर्माण केली. इंजिनाला पाणी आणि कोळसा हवा, चालक व फायरमन यांची पाळी बदलायला हवी, मालडबे जोडायला आणि तोडायला जागा हवी, एवढ्याच कारणासाठी ती वसली. पहिल्या वर्गातील गावे रेल्वे गेल्यावरही शेती, बाजार किंवा न्यायकचेरी यांच्या बळावर तग धरू शकली. दुसऱ्या वर्गाच्या नशिबी ते नव्हते.

वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या फेएट परगण्यातील थर्मंड हे दुसऱ्या वर्गातील गाव होय. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्या सर्व स्थानकांत सर्वाधिक उत्पन्न नोंदवणारे हे स्थानक होते. २०१० आणि २०२० या दोन्ही जनगणनांत या गावची लोकसंख्या ५ होती. या दोन टोकांमधला इतिहास प्रवासी-पुस्तिकांत जुगार, दारू आणि बंदुका यांच्या रंजक गोष्टींखाली दडपला गेला आहे. थर्मंडची भरभराट कोणत्या श्रमावर उभी होती, ती कोणाच्या हिशेबात जमा होत होती आणि ती संपली तेव्हा तिची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न त्या गोष्टींहून अधिक महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत निबंधात त्यांचाच विचार केला आहे.

दरी आणि लोहमार्ग

नावाने ‘न्यू’ असलेली न्यू रिव्हर ही भूशास्त्रज्ञांच्या मते फार प्राचीन नदी आहे. नॉर्थ कॅरोलायनात उगम पावून ती उत्तरेकडे वाहते आणि ॲपलेशियन पर्वतरांगा कापत वेस्ट व्हर्जिनियात शिरते. तेथे तिने खोदलेल्या खोल व अरुंद दरीच्या भिंतींत ‘स्यूएल’ नावाने ओळखला जाणारा कोळशाचा थर उघडा पडलेला आहे. हा कोळसा कमी धुराचा, कोकसाठी आणि आगबोटींच्या बॉयलरसाठी उत्कृष्ट. परंतु तो दरीबाहेर नेण्याचे साधन नसल्याने लोहमार्ग येईपर्यंत त्याला व्यापारी मोल नव्हते.

यादवी युद्धानंतर डबघाईला आलेली रेल्वे कॉलिस हंटिंग्टन यांनी १८६९ मध्ये हाती घेतली आणि ती ओहायो नदीपर्यंत नेण्याचे काम सुरू केले. २९ जानेवारी १८७३ रोजी दरीतील हॉक्स नेस्ट येथे मार्ग पूर्ण झाला. त्याच वर्षी जोसेफ बेरी यांनी क्विनिमाँट येथून न्यू रिव्हर क्षेत्रातील पहिला कोळसा रवाना केला. खाण आणि रूळ यांचा जन्म एकाच वर्षातला. या प्रदेशाच्या पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली या योगायोगात आहे. अर्थात त्याला योगायोग म्हणणेही फारसे बरोबर नाही, कारण मार्गाची आखणी करणाऱ्यांना दरीतल्या कोळशाची पुरेपूर कल्पना होती.

हा मार्ग घालणाऱ्यांत नुकत्याच गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय मजुरांचा वाटा फार मोठा होता. डोंगर फोडण्याच्या यंत्राशी स्पर्धा करून प्राण सोडणाऱ्या जॉन हेन्री या लोककथेतील नायकाची कथा याच रेल्वेच्या बोगद्यांशी निगडित आहे. परंपरेनुसार ती टॅल्कटजवळच्या बिग बेंड बोगद्यात घडली. इतिहासकार स्कॉट नेल्सन यांनी मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे प्रतिपादन केले की, जॉन हेन्री हा व्हर्जिनियाच्या तुरुंगातून रेल्वेच्या कामावर भाड्याने दिलेला कैदी होता आणि त्याचे काम लुइस बोगद्यावर चालले होते. नेल्सन यांचे मत सर्वांना मान्य झालेले नाही. तथापि कैद्यांना कंत्राटी मजूर म्हणून या मार्गावर राबवले गेले, ही बाब वादातीत आहे आणि लोकगीतांतल्या पराक्रमापेक्षा ती अधिक विचार करायला लावणारी आहे.

दोन जमीनदार, दोन काठ

युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले कॅप्टन विल्यम डॅबनी थर्मंड यांनी १८७३ मध्ये एका मोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून नदीच्या उत्तर काठावरची ७३ एकर जमीन घेतली. डोंगर आणि पाणी यांच्यात चिंचोळी पट्टी एवढेच तिचे स्वरूप. शेतीला निरुपयोगी अशा या जमिनीचे भाग्य एकाच गोष्टीत होते : तिच्यावरून रूळ गेले होते. पंधरा वर्षे तेथे फारसे काही घडले नाही. १८८८ मध्ये टपाल कचेरी आली आणि १९०० मध्ये गावाला नगराचा कायदेशीर दर्जा मिळाला.

गावाचे रूप पालटले ते पलीकडच्या काठामुळे. ओहायोतील थॉमस मॅक्केल यांच्याकडे पत्नीच्या माहेरकडून आलेली हजारो एकर कोळशाची जमीन लूप क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात होती. लूप क्रीक थर्मंडच्या समोरच नदीला मिळतो. मॅक्केल यांनी १८८९ मध्ये रेल्वे कंपनीशी बोलणी करून नदीवर पूल आणि ओढ्याच्या काठाने वर जाणारा फाटा मंजूर करून घेतला. हा फाटा १८९० च्या दशकाच्या प्रारंभी घातला गेला आणि त्याच्या दोन्ही अंगांना खाणी उघडत गेल्या. प्रत्येक खाणीचा कोळसा भरलेला डबा उतारावरून एकाच जागी येत होता. ती जागा म्हणजे थर्मंडचे यार्ड.

या दोन जमीनदारांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी विरुद्ध होते. धार्मिक वृत्तीच्या कॅप्टन थर्मंड यांनी आपल्या जमिनीवर दारूविक्रीला मनाई केली. मॅक्केल यांना असे सोवळे नव्हते. त्यांनी दक्षिण काठावर १९०१ मध्ये शंभर खोल्यांचे डनग्लेन हॉटेल उभारले. कोळशाचे व्यापारी, खाणमालक आणि त्यांचे पाहुणे तेथे उतरत. जवळच दारूचे गुत्ते होते. वेस्ट व्हर्जिनियात १ जुलै १९१४ पासून राज्यव्यापी दारूबंदी लागू होईपर्यंत नदीच्या एका काठाचा संयम आणि दुसऱ्या काठाची चैन यांचे सहजीवन पुलाच्या साक्षीने निर्वेध चालले. डनग्लेनमध्ये पत्त्यांचा एक डाव सलग चौदा वर्षे चालला अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. तो चौदा वर्षे चालला की चौदा रात्री, याने गावाच्या अर्थकारणात काही फरक पडत नाही. परंतु आख्यायिका टिकतात आणि हिशेबाच्या वह्या रद्दीत जातात, हा इतिहासलेखनातील नेहमीचा अनुभव येथेही येतो.

रस्ता नसलेले गाव

थर्मंडला मुख्य रस्ता नव्हता. गावाची व्यापारी इमारतींची रांग सरळ रुळांकडे तोंड करून उभी होती. दुकानाचा उंबरा, पुढे थोडी पायवाट आणि मग लोहमार्ग, अशी ही रचना. १९०४ ची मँकिन इमारत आणि १९०६ ची गुडमन-किंकेड इमारत या रांगेत आजही पाहता येतात. दरीत रस्त्याला जागाच नव्हती. १९२१ मध्ये लूप क्रीकच्या बाजूने मोटारीचा रस्ता येईपर्यंत गावात शिरण्याचा मार्ग रेल्वे हाच होता. मोटारींसाठी पूल झाला तोही स्वतंत्र नाही. रेल्वेच्या पुलालाच एका बाजूने एकेरी वाहतुकीची पट्टी जोडलेली आहे.

१९०४ मध्ये बांधलेले दुमजली लाकडी स्थानक हे गावाचे खरे सभागृह होते. खालच्या मजल्यावर प्रतीक्षागृह, तिकीटघर आणि सामानाची खोली, तर वरच्या मजल्यावर गाड्यांच्या नियंत्रणाची कचेरी होती. ऐन भरात दिवसाला पंधरा प्रवासी गाड्या येत आणि वर्षाला ९५,००० पर्यंत प्रवासी या स्थानकातून ये-जा करीत. दोन हॉटेले, दोन बँका, खाणावळी, कापडाची दुकाने, सराफी दुकान, चित्रपटगृह एवढा पसारा या चिंचोळ्या पट्टीत मावला होता. जनगणनेच्या नोंदीत मात्र गावाने पाचशेचा आकडा कधीही गाठला नाही. ही विसंगती वरवरची आहे. थर्मंडचे ग्राहक थर्मंडमध्ये राहत नव्हते. ते दरीतल्या आणि फाट्यावरच्या खाण-वस्त्यांत राहत होते.

त्या वस्त्यांत घर, दवाखाना, दुकान सर्वकाही खाण कंपनीच्या मालकीचे असे. मजुरीचा बराच भाग कंपनीने स्वतः पाडलेल्या बिल्ल्यांत मिळे आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालत. रेल्वेचा पगार याउलट चलनी पैशात होता. थर्मंडमधील व्यापारी स्वतंत्र होते आणि गाव कोणत्याही एका खाण कंपनीच्या मालकीचे नव्हते. खाणकामगाराच्या दृष्टीने थर्मंडला जाणे म्हणजे काही तासांसाठी कंपनीच्या हद्दीबाहेर पडणे होते. पगाराच्या दिवशी तेथे उसळणाऱ्या गर्दीचे वर्णन बेशिस्त आणि रगेल असे केले जाते. या गर्दीला आठवडाभर कोणत्या परिस्थितीत राहावे लागत असे, याचा उल्लेख त्याच वर्णनांत क्वचितच येतो. थर्मंडपासून फार दूर नसलेल्या रेड ॲश येथील खाणीत ६ मार्च १९०० रोजी झालेल्या स्फोटात ४६ माणसे मृत्युमुखी पडली. नदीच्या या भागातील ही एकमेव दुर्घटना नव्हती.

यार्डातील काम

सकाळी रिकाम्या डब्यांची गाडी फाट्यावर चढे. प्रत्येक खाणीच्या बगलमार्गावर ठरलेले डबे सोडत ती वर जाई आणि भरलेले डबे गोळा करीत उतरे. हे भरलेले डबे थर्मंडच्या यार्डात वजनाप्रमाणे व पत्त्याप्रमाणे वेगळे होत. काही पूर्वेला हिंटनमार्गे न्यूपोर्ट न्यूजच्या बंदराकडे, तर काही पश्चिमेला ओहायो खोऱ्याकडे जात. डोंगरी फाट्यावर चालणारी इंजिने रोज तपासावी लागत. राख काढणे, नळ्या साफ करणे, वंगण घालणे, वाळू भरणे, पाणी आणि कोळसा घेणे यासाठी मोठे इंजिनघर होते. १९२२ मध्ये रुळांवर काँक्रीटचा उंच मनोरा उभारला गेला. त्यात ५०० टन कोळसा मावत असे आणि खाली थांबलेल्या इंजिनात तो वरून सोडला जाई.

ब्रेकमन, सांधेवाले, फिटर, बॉयलरवाले, झाडूवाले, तारमास्तर अशी शेकडो हातांची ही व्यवस्था होती. तिचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. वाफेचे इंजिन हे अतिशय कष्टाळू आणि तितकेच खर्चिक यंत्र आहे. त्याची सतत शुश्रूषा करावी लागते. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा दोष होता. थर्मंडच्या दृष्टीने हा दोष म्हणजेच गावाचा रोजगार होता.

‘सर्वाधिक उत्पन्नाचे स्थानक’ या कीर्तीकडेही सावधपणे पाहावे लागते. १९१० च्या सुमारास थर्मंडच्या नावावर जमा होणारे मालवाहतुकीचे उत्पन्न सिनसिनाटी आणि रिचमंड या मोठ्या शहरांच्या उत्पन्नाहूनही अधिक होते. माल जेथून रवाना होतो त्या स्थानकाच्या खाती तो दाखवला जात असल्याने फाट्यावरच्या सर्व खाणींचे भाडे थर्मंडच्या रकान्यात येई. उत्पन्न थर्मंडच्या नावे असले तरी ते थर्मंडमध्ये राहत नव्हते. रकान्यातून ते रिचमंडच्या कचेरीत आणि तेथून भागधारकांकडे जाई. गावात राही तो पगार, आणि तो पगार फिरत असलेली दुकाने.

फाटा घालणारा एक मजूर

थर्मंडला श्रीमंत करणारा लूप क्रीकचा फाटा ज्या मजुरांनी घातला त्यांची नावे सहसा मिळत नाहीत. एक नाव मात्र मिळते आणि ते विलक्षण आहे. १८९२ साली थर्मंडपासून लूप क्रीकच्या वरच्या अंगाला चाललेल्या रेल्वेच्या कामावर कार्टर वुडसन नावाचा सोळा-सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा होता. १८७५ मध्ये व्हर्जिनियात जन्मलेल्या या मुलाचे आईवडील पूर्वाश्रमीचे गुलाम होते. रेल्वेचे काम संपल्यावर तो त्याच दरीतील नटालबर्ग येथे खाणीत उतरला.

तेथे ऑलिव्हर जोन्स या यादवी युद्धात लढलेल्या निरक्षर खाणकामगाराचे घर हे कृष्णवर्णीय कामगारांचे वाचनालय बनले होते. जोन्स यांनी पुस्तके आणि वृत्तपत्रे जमवली होती, परंतु ती वाचून दाखवायला कोणी हवे होते. वुडसन यांनी ते काम पत्करले आणि त्या बदल्यात त्यांना तेथे खाण्याचे पैसे पडत नसत. वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांनी वृद्ध कामगारांकडून युद्धाच्या, गुलामगिरीच्या आणि राजकारणाच्या हकिकती ऐकल्या. आपल्या लोकांच्या इतिहासाविषयीची आस्था येथेच दृढ झाली, असे त्यांनी १९४४ साली लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे. १८९५ मध्ये ते हंटिंग्टन येथील शाळेत दाखल झाले. पुढे याच परगण्यातील विनोना येथे त्यांनी शिक्षकी केली. १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना इतिहासातील डॉक्टरेट दिली. १९१५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवन व इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली, पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक सुरू केले आणि १९२६ मध्ये तो इतिहास-सप्ताह सुरू केला ज्याचे रूपांतर १९७६ पासून फेब्रुवारी महिन्यात पाळल्या जाणाऱ्या इतिहास-मासात झाले.

थर्मंडविषयीच्या रंजक लेखनात डनग्लेनच्या जुगाऱ्यांना जेवढी जागा मिळते तेवढी वुडसन यांना मिळत नाही. ते गावात राहिले नाहीत हे खरे, पण जुगारीही राहत नव्हते. त्यांच्या उदाहरणाचा खरा उपयोग वेगळाच आहे. ज्या फाट्याच्या इतिहासात जमीन मिळवणारा आणि पूल मंजूर करून घेणारा यांचीच नावे येतात, त्याच फाट्यावर स्लीपर वाहणाऱ्यांतून पुढे एक असा इतिहासकार निघाला ज्याने अशा वगळलेल्या माणसांचीच नोंद करणे हे जीवनकार्य मानले.

गावातील व रेल्वेतील वर्णभेदाचे स्वरूप संमिश्र होते. वेस्ट व्हर्जिनियात कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा अधिकार होता, आणि शेजारच्या व्हर्जिनिया व केंटकीप्रमाणे रेल्वेत वेगळे डबे ठेवण्याचा कायदा या राज्याने केला नाही. शाळा मात्र राज्यघटनेनेच वेगळ्या ठेवल्या होत्या. रेल्वेच्या नोकऱ्यांत तर उतरंड पक्की होती. चालक, फायरमन, कंडक्टर आणि ट्रेनमन यांच्या बलाढ्य संघटनांचे सदस्यत्व गोऱ्यांपुरते राखीव होते. रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळ्या, हमाली आणि हॉटेलांतील चाकरी यांत कृष्णवर्णीयांना जागा होती. ज्या संघटनेत प्रवेश नाही तिनेच कामगारांच्या वतीने करार करायचा, या विपरीत स्थितीवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये स्टील खटल्यात प्रथमच आघात केला. परंतु तोवर वाफेच्या युगाची दहा-बारा वर्षेच उरली होती.

उतरण

थर्मंडचा अस्त डिझेलमुळे झाला असे सरसकट म्हटले जाते. घटनांचा क्रम पाहता ते अपुरे वाटते. पहिला धक्का रस्त्याने दिला. मोटार आल्यावर खाण-वस्तीतल्या माणसाला खरेदीसाठी दरीत उतरण्याची गरज उरली नाही. पठारावरील ओक हिल गाव त्याला सोयीचे झाले. त्यानंतर महामंदी आली. १९३० च्या जुलैमध्ये डनग्लेन आगीत भस्मसात झाले. १९३१ मध्ये नॅशनल बँक ऑफ थर्मंड बंद पडली. १९३५ मध्ये दुसरी बँक ओक हिलला निघून गेली आणि १९३८ मध्ये दूरध्वनी कचेरीही गेली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच व्यापारी थर्मंड संपले होते. उरले होते ते यार्ड आणि इंजिनघर, आणि युद्धकाळातील कोळशाच्या मागणीने त्यांना आणखी काही वर्षे व्यग्र ठेवले.

चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे डिझेलविषयीचे धोरण हा एक लक्षणीय अध्याय आहे. कोळसा वाहून नेणे हाच जिचा मुख्य धंदा, तिने आपल्या ग्राहकाचे इंधन सोडून तेल जाळावे हे संचालकांना रुचत नव्हते. इतर रेल्वे डिझेलकडे वळत असताना या कंपनीने १९४७-४८ मध्ये कोळशावर चालणारी वाफ-टर्बाइन पद्धतीची तीन प्रचंड इंजिने बांधून घेतली. ती सपशेल अयशस्वी ठरली आणि १९५० मध्ये मोडीत निघाली. १९४९ मध्ये तिने डोंगरी फाट्यांसाठी बाल्डविन कारखान्याकडून वाफेची नवी इंजिनेही घेतली. बाल्डविनने देशातील मोठ्या रेल्वे कंपनीसाठी बांधलेली ती शेवटची वाफेची इंजिने होत. १९५६ पर्यंत याच कंपनीने वाफ पूर्णपणे सोडली. सात वर्षांत एवढा पालट होण्यामागे खाणींतील संप आणि देखभालीचा खर्च ही दोन्ही कारणे होती.

डिझेलला कोळशाचा मनोरा नको, पाण्याची टाकी नको, रोजची शुश्रूषा नको. त्यामुळे यार्डातील माणसे अनावश्यक झाली. पण याच काळात खाणींतही यंत्रे आली. १९५० मध्ये कामगार संघटना आणि खाणमालक यांच्यात झालेल्या कराराने यांत्रिकीकरणाचा मार्ग मोकळा केला. वेस्ट व्हर्जिनियात १९४८ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास असलेली खाणकामगारांची संख्या १९६१ पर्यंत सुमारे एक-तृतीयांशावर आली. शिवाय युद्धकाळात वर्षाला दहा कोटी टनांहून अधिक कोळसा जाळणाऱ्या अमेरिकन रेल्वे कंपन्या स्वतःच कोळशाच्या मोठ्या ग्राहक होत्या. तो ग्राहकही डिझेलने हिरावून घेतला. थर्मंडच्या यार्डात काम कमी झाले आणि त्या यार्डात उतरणारा मालही कमी झाला. दोन्ही घटनांचे मूळ एकमेकांत गुंतलेले होते.

किंमत कोणी मोजली?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट विवेचन थर्मंडविषयी नसलेल्या एका लेखात सापडते. ओहायोतील मायामी विद्यापीठात शिकवणारे समाजशास्त्रज्ञ फ्रेड कॉट्रेल यांनी १९५१ मध्ये ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये डिझेलीकरणाने मरणाऱ्या एका वाळवंटी रेल्वे-गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ‘कॅलिएंटे’ नावाने वर्णिलेले हे गाव केवळ इंजिनाच्या पाणी-इंधनाच्या टप्प्यामुळे वसले होते. बॉयलर मजबूत झाले तशी इंजिने अधिक लांब धावू लागली आणि असे काही टप्पे आधीच गळाले. डिझेलने उरलेल्यांची गरज संपवली.

कॉट्रेल यांचा मुद्दा डिझेल वाईट होते असा नव्हता. ते अधिक कार्यक्षम होते हे त्यांनी मान्य केले आहे. त्यांचे निरीक्षण असे की, बदलाचा लाभ भागधारक, ग्राहक आणि इतरत्र राहणारे लोक यांना मिळाला आणि तोटा मात्र गावाला सोसावा लागला. गावातही तो समान वाटला गेला नाही. गाडीवर काम करणारा चालक वा कंडक्टर ज्येष्ठतेच्या नियमाने दुसरीकडे जागा मिळवू शकत होता. कारखान्यातील फिटरला तो आधार दुबळा होता. ज्याने घर बांधले, दुकान घातले, शाळेच्या आणि पाण्याच्या योजनेच्या रोख्यांत पैसे गुंतवले, चर्चला वर्गणी दिली, त्याला हलताच येत नव्हते. समाजाने ज्याला आदर्श नागरिक म्हणावे तोच सर्वाधिक बुडाला, आणि ज्याने कोठेच मुळे रोवली नव्हती त्याचे कमीत कमी नुकसान झाले.

हे विवेचन थर्मंडला जसेच्या तसे लावता येत नाही. कॅलिएंटेला एकाच निर्णयाचा फटका बसला. थर्मंड तीस वर्षे थोडेथोडे रिते होत गेले, त्यामुळे तेथे प्रतिकाराचा क्षणच आला नाही. बँक गेली तेव्हा रेल्वे होती, आणि रेल्वेचे काम गेले तेव्हा दाद मागायला व्यापारी उरले नव्हते. खाण-वस्त्यांतल्या कामगारांकडे बुडण्यासारखी घरे नव्हती, कारण ती कंपनीचीच होती. खाण बंद झाल्यावर ते डेट्रॉइट, क्लीव्हलंड, ॲक्रन अशा कारखानदारी शहरांकडे गेले. कॉट्रेल यांच्या भाषेत ते फिरस्ते. मात्र हा फिरस्तेपणा त्यांनी निवडलेला नव्हता. ज्याला घराची मालकीच नाकारली होती, त्याचे नुकसान मोजपट्टीत कमी भरते. कॉट्रेल यांच्या पद्धतीची ही मर्यादा थर्मंडच्या परिसरात स्पष्ट दिसते.

नंतरचे थर्मंड

१९७८ मध्ये दरीतील नदीचा पट्टा राष्ट्रीय नदी म्हणून घोषित झाला. १९८४ मध्ये थर्मंडची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. १९२० च्या खाण-संघर्षावर जॉन सेल्स यांनी काढलेल्या ‘मेटवान’ (१९८७) या चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले, कारण खुद्द मेटवान गाव बदलले होते आणि थर्मंडची रुळांकडे तोंड केलेली रांग तशीच होती. ज्या गावाकडे नव्याने बांधायला पैसाच आला नाही त्याचे जुनेपण असे उपयोगी पडले. राष्ट्रीय उद्यान सेवेने गावातील बहुतेक मालमत्ता घेतली आणि १९०४ च्या स्थानकाची दुरुस्ती करून १९९५ मध्ये तेथे अभ्यागत केंद्र सुरू केले. इंजिनघर मात्र आगीत जळाले. डिसेंबर २०२० मध्ये हा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला.

कोळशाचा मनोरा अजून रुळांवर उभा आहे. न्यूयॉर्क-शिकागो मार्गावरील ‘कार्डिनल’ ही प्रवासी गाडी आठवड्यातून तीन दिवस या मार्गाने जाते आणि चढणारा-उतरणारा कोणी असेल तरच थांबते. त्याच रुळांवरून कोळशाच्या लांबलचक मालगाड्या मनोऱ्याखालून न थांबता निघून जातात.